उपलब्ध : दुपारी तीन ते चार

सोमवार, २७ जानेवारी २०२५

झोपू दिलं नाही पोरीने! अकरा चाळीसची गाडी, खिडकीची जागा मिळालेली, डोकं टेकवते न टेकवते तोच — "मॅडम, इथी बसू का जी?" मांडीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, खाली-वर पुठ्ठे, सुतळीने करकचून बांधलेले. दिव्यानी लोनबले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या वनस्पतीशास्त्राच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसते आणि वर्षभरात एक शब्द बोललेली नाही. गाडीत मात्र सुरू झाली ती थांबेना. प्रकल्प धानाच्या बांधावरच्या रानभाज्यांवर आहे. पावसाळ्यात वाळवून ठेवलेला तरोटा दाखवला, कुरडू दाखवला, केना दाखवला. "ह्याचं शास्त्रीय नाव बरोबर हाय का?" नागभीड येईस्तोवर हेच.

सकाळी साडेसातपासून ब्रह्मपुरीत चार तास उभी असते मी. पुढे सिंदेवाहीच्या कॉलेजात आणखी दोन. मधला गाडीतला तास तेवढा माझा. उद्यापासून मागे बसायचं.

मंगळवार, २८ जानेवारी

मागे बसले. तीही मागे आली.

गुरुवार, ३० जानेवारी

आज स्पष्टच विचारलं — "अगं, तुझे गाईड दोनाडकर सर ना? त्यांना विचार की! माझा जीव काऊन खाते?"

"सर रजेवर हायेत जी. डोळ्याचं ऑपरेशन झालं, नागपूरले."

खरंच की. वीस तारखेपासून महिनाभर रजा. मीच विसरले.

"मग आधी काऊन नाही विचारलं? दारावर पाटी आहे ना त्यांच्या, विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध दुपारी तीन ते चार."

ती हसली. म्हणे, तिच्या फाट्यावर थांबणारी दुपारची ही एकच गाडी. पुढची साडेचारची. फाट्यावरून गाव अडीच किलोमीटर, सगळं जंगल. अंधारात कोण येऊ देते? "तीन वाजता त्या पाटीपाशी कोणीच नसते जी. पोरं बी नाई, सर बी नाई."

ती पाटी मीही चार वर्षं बघते आहे. माझ्या नावाची पाटी नाही कुठेच. आम्ही तासिकेवरचे. तास घेतला तर आहोत, तास संपला की नाही. बसायला खुर्ची नाही, भेटायला जागा नाही. मुलांना भेटायचं तर व्हरांड्यात, नाहीतर एस.टी.त.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ओरडले तिच्यावर. भर गाडीत.

तसं काही झालंही नव्हतं. सिंदेवाहीचा दुसरा तास पुढच्या वर्षी राहील की नाही सांगता येत नाही, असा तिथल्या क्लार्कचा सकाळीच फोन आला होता. डोकं आधीच भणभणलेलं. ही आपली पानाच्या शिरा दाखवते आहे. "मी पण माणूस आहे गं! एक तास तरी सोड मला!" अख्खी गाडी वळून बघायला लागली. तिने गठ्ठा बांधला, सुतळीची गाठ मारली, आणि उभी राहिली ती थेट फाट्यापर्यंत. जागा असून उभी!

माझी कसली झोप? डोळे मिटून बसले होते इतकंच.

सोमवार, १० फेब्रुवारी

तीन दिवस पुढच्या दारापाशी उभी राहून गेली पोरगी. आज मीच हाक मारली. "ये, बस. कुठवर आलं?"

आली, जणू काही झालंच नाही. तिने तिच्या माय, मावशी, शेजारणी — सगळ्या धानाची रोवणी करणाऱ्या बायांना विचारून यादी केली आहे. कोणती भाजी कोणत्या महिन्यात, बाळंतिणीला कोणती, कोणती दोनदा उकळून पाणी टाकायचं. एकतीस वनस्पती! मी पीएच.डी. केली, मला त्यातल्या सहा माहीत नव्हत्या. "तुझ्या मायला डॉक्टरेट द्यायला पाहिजे," म्हटलं तर लाजली. मायचं नाव वच्छला. सही येते तिला, बाकी नाही.

मग सांगितलं सगळं. बी.एड. करायचं आहे, शिक्षिका व्हायचं आहे. पण यंदाच. घरात एका वेळी एकाचंच शिक्षण होते. ती यंदा बी.एड.ला लागली तर लहान भाऊ विक्की थांबेल, नाहीतर येत्या जूनपासून त्याचा नंबर. "यंदा पदवी हाती आली तं माझं झालं. नाई तं मग विक्कीचं सुरू होते, मंग माझं राह्यलंच."

हे ती रडत नाही सांगत. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज पूर्ण झालं! अकरा भेटी. सगळ्या चालत्या गाडीत, नागभीडच्या थांब्यावरच्या दहा मिनिटांसकट. कित्येक वर्षांत असं शिकवलं नव्हतं. झोप गेली खड्ड्यात.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दोनाडकर सर रुजू झाले. काळा चष्मा लावून. भला माणूस, खोटं कशाला बोलू. जूनमध्ये निवृत्ती. मला पहिल्या तासिका त्यांनीच मिळवून दिल्या. आल्या आल्या बारा प्रकल्पवह्या माझ्या पुढ्यात. "मॅडम, तेवढं नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे असं. प्रत्येक वहीत मार्गदर्शनाचं पान असते. दहा-अकरा ओळी — तारीख, वेळ, काय चर्चा झाली, विद्यार्थ्याची सही, मार्गदर्शकाची सही. पोरं जुलैमध्येच सगळ्या कोऱ्या ओळींवर सह्या करून मोकळी होतात. उरलेलं मी भरते. सरांची सहीसुद्धा मीच करते. पहिल्या वर्षी त्यांचा हात दुखत होता, तेव्हा म्हणाले, "तुम्हाला जमते का बघा." जमली. तेव्हापासून चार वर्षं मीच सर आहे!

मार्गदर्शक कायम प्राध्यापकच लागतो, असा नियम. आमचं नाव चालत नाही. आमचं अक्षर चालते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

अकरा वह्या लिहिल्या. हाजिरीपट बघून, सरांची रजा टाळून, सुट्ट्या टाळून. दर दुसरा गुरुवार, तीन ते चार. चर्चा — प्रकल्पाची रूपरेषा. चर्चा — संदर्भसूची. अडचण — नाही. एका बैठकीत अकरा पोरांच्या शंभर भेटी घेतल्या मी. चहा गार झाला तेवढा.

बारावी दिव्यानीची. तिथे हात थांबला. हिच्या तर झाल्यात ना भेटी! मग खोट्या कशाला? खऱ्याच लिहिल्या. सत्तावीस जानेवारी, अठ्ठावीस, तीस... वेळ अकरा पंचेचाळीस ते बारा चाळीस. चर्चा काय झाली तेही खरं, एकेका पानासकट. लिहिताना इतकं छान वाटलं! खाली सरांची सही ठोकली आणि वही बंद केली.

गुरुवार, ६ मार्च

मेले मी.

आज तपासणी समिती आली होती. प्रकल्पवह्या पाहिल्या. अकरा वह्यांवर शेरा — "मार्गदर्शन नियमित, समाधानकारक." आणि दिव्यानीची वही बाजूला काढली. या तारखांना मार्गदर्शक रजेवर. वेळ ठरलेल्या वेळेबाहेरची. सबब भेटी बनावट, सही बनावट.

रजा! हाजिरीपट! अकरा वह्यांना दहादा बघितला मी. हिच्या वेळी उघडलाही नाही. खरं लिहीत होते ना — खऱ्याला कशाला काय ताडून बघायचं? असा मूर्खपणा माझ्याशिवाय कोण करेल!

बारा वह्यांत एकच अक्षर आहे. ते मात्र एकाही साहेबाला दिसलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दिव्यानीला नोटीस. ऑफिसातल्या भैयाजींनी मला हळूच दाखवली. सात दिवसांत खुलासा दे, नाहीतर प्रकल्प रद्द, निकाल राखून ठेवण्यात येईल.

दोनाडकर सरांना प्राचार्यांनी विचारलं. ते म्हणाले, "मी तर नागपूरला होतो, डोळ्याला पट्टी. मला काही कल्पना नाही." घाबरले असणार. तीन महिन्यांवर पेन्शन. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी दारातच उभी होते.

गाडीत दिव्यानी नोटीस घडी घालून पुस्तकात ठेवत होती. विचारते, "बनावट म्हणजे खोटंच ना जी? पण आपण तं बसलो होतो ना?"

"मी बघते," म्हटलं. काय बघते? कपाळ!

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. प्राचार्यांनी सगळ्या मॅडमना गुलाब दिला. माझ्या हातात देताना म्हणाले, "रामटेके मॅडम, तुमच्यासारख्या कष्टाळू बायांवर संस्था चालते." तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तिथेच. मी थँक्यू सर म्हणाले.

सोमवार, १० मार्च

प्रफुलला सांगितलं सगळं. नवरा म्हणून विचारलं, काय करू. तो म्हणाला, "तू सही कबूल केली तं ब्रह्मपुरीच्या तासिका गेल्या, सिंदेवाहीच्या बी गेल्या, पोलिसात बी जाऊ शकते. थोडं थांबून तं पाह्य."

चुकीचं नाही बोलला. बेचाळीस वय माझं. या वयात दुसरीकडे कोण घेणार? पण पोरीची मुदत शुक्रवारी संपते. थांबायचं म्हणजे काय बघत थांबायचं?

उद्या सांगते. उद्या नक्की.

मंगळवार, ११ मार्च

प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेले. आत पालक बसले होते. वाट बघितली. घंटा झाली, तासाला पळाले. तास नाही घेतला तर मानधनात मांडला जात नाही ना! तास झाल्यावर पुन्हा जाता आलं असतं. गाडी होती म्हणून नाही गेले, असं लिहिणार होते इथे. गाडीला वीस मिनिटं होती.

भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

बुधवार, १२ मार्च

आज गेले. घंटेची वाट नाही बघितली, थेट आत. "सर, मला त्या दिव्यानी लोनबलेबद्दल..."

"ते मिटलं मॅडम." त्यांनी कागद पुढे सरकवला. तिचंच ते गोल गोल अक्षर. 'सरांची सही मीच केली. भेटी मीच लिहिल्या. कोणाचाही यात संबंध नाही. माझी चूक झाली.' खाली सही आणि बाजूला वच्छलाबाईंची सही, पालक म्हणून.

कालचा कागद. मी बाहेर वाट बघत बसले होते तेव्हाच आत देऊन गेली असेल की काय! ते पालक म्हणजे... अरे देवा. पाठमोऱ्या बघितल्या होत्या मी त्या बाई. लुगडं, हातात पिशवी.

प्राचार्य म्हणाले, "एक वर्ष बसेल घरी, अक्कल येईल. तुमचं काय काम होतं?"

मी म्हणाले, "काही नाही सर."

काही नाही सर, म्हणाले मी!

गाडीत ती होतीच. मी विचारलं, काऊन लिहून दिलं असं? कोणी सांगितलं होतं? म्हणाली, "तुमच्या तासिका जातीन ना जी." मायला विचारूनच दिलं. माय म्हणे, ज्या बाईनं शिकवलं तिच्या पोटावर पाय नको. "माझं काय, मी पाहून घेईन."

"आणि विक्की?"

खिडकीकडे तोंड केलं तिने. फाट्यावर उतरताना गठ्ठा घ्यायची विसरली. मी वरून दिला तिच्या हातात.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. दार लावून बसले. शेजारच्या बाया बोलवायला आल्या, डोकं दुखते म्हणून सांगितलं. एका पोरीचं वर्ष मी खाल्लं. अख्खं वर्ष. आणि तिचं एकच होतं.

सोमवार, १७ मार्च

सरांच्या घरी गेले. आज नाही तर कधीच नाही, असं ठरवून.

काळा चष्मा काढून बसले होते. सगळं सांगितलं. त्यांना माहीतच होतं म्हणा. "सर, तुम्ही सांगा की सह्या मॅडम करतात, तुमच्या सांगण्यावरून. मीही सांगते. दोघांनी मिळून." ते म्हणाले, "असं सांगितलं तं बाकीच्या अकरांचं काय? आधीच्या तीन वर्षांच्या पोरांचं? सगळेच नापास करतीन का?"

याचा विचार मी केलाच नव्हता.

"मले दोन दिवस द्या," म्हणाले. डोळ्यातून पाणी येत होतं त्यांच्या. ऑपरेशनमुळे की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

गुरुवार, २० मार्च

हसावं की रडावं! सरांनी मिटवलं.

प्राचार्यांकडे जाऊन सांगितलं — सही माझीच. औषधांच्या गुंगीत विसरलो होतो. रजेवर असूनही विद्यार्थिनीचं नुकसान नको म्हणून मी गाडीने येऊन, प्रवासात तिला शिकवत होतो! डोळ्याला पट्टी बांधून! नागपूरहून ब्रह्मपुरीला यायचं, तिथून तिच्यासोबत तिच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत नागपूर! कोणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. प्राचार्य उठून उभे राहिले म्हणे. भैयाजी सांगत होते. पोरीचा कागद फाडला. लिहिताना घाबरली असेल बिचारी, म्हणाले. समितीला पत्र गेलं. तोंडी परीक्षा एकोणतीस तारखेला, सकाळी दहा.

पोरगी वाचली. माझ्या तासिकाही वाचल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले मी. आनंदाने रडले, खोटं नाही बोलत. लाज नंतर वाटली.

सोमवार, २४ मार्च

शुक्रवारी सरांचा सत्कार. संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. 'रजेतही विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध' — असा फलक रंगवायला टाकला आहे! आणि दिव्यानीने मनोगत बोलायचं. ते कोणी लिहून द्यायचं? मी! "तुमचं अक्षर चांगलं आहे," प्राचार्य म्हणाले.

लिहिलं. सरांनी कसं समजावून सांगितलं, कसा एकेका पानाची शीर दाखवली. सगळं खरं, फक्त माणूस बदलला.

गाडीत तिला दिलं. तिने वाचलं, दोनदा वाचलं. "हे मले म्हणा लागते का?"

"म्हण. दुसऱ्याच दिवशी तोंडी परीक्षा आहे, मुकाट म्हण. माझ्यासाठी म्हण."

"तुमच्यासाठी?" एवढंच विचारलं तिने. कागद घडी घालून पुस्तकात ठेवला. मी झोपायचा प्रयत्न केला.

शुक्रवार, २८ मार्च

शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. मग दिव्यानीला बोलावलं. माईकसमोर माझा कागद उघडला तिने, बघितला, घडी घातली.

"सर कोणत्या गाडीनं जाते ते मले माईत नाई जी. मी तं रामटेके मॅडमसोबत जातो."

खाली उतरली. जागेवर जाऊन बसली. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. प्राचार्य माईकवरूनच म्हणाले, "मॅडम?"

मी उभी राहिले. म्हटलं, "सह्या माझ्या आहेत. हिच्या वहीतल्या, बाकी अकरांच्या, आधीच्या तिन्ही वर्षांच्या. भेटी फक्त हिच्याच झाल्या."

उद्या दहाला तोंडी परीक्षा. आता घेतील की नाही, कोणालाच माहीत नाही. आम्ही दोघी जाणार.